गायीचं चारचौघांत, आपलं कागदात गुंडाळून

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात नगरमधल्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहून बघा. मागच्या वर्षी मी उभी होते, सर्दीची गोळी घ्यायला. माझ्यापुढे एक मुलगी होती, असेल एकोणीस-वीसची, पाठीला कॉलेजची सॅक. तिने आधी मागे कोण आहे ते बघितलं, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, “ती... पुढे ढकलायची द्या ना.” काउंटरवरच्या दादांनी वर न बघताच विचारलं, “किती दिवस?” ती म्हणाली, “दसऱ्यापर्यंत.” दादांनी मनात हिशोब केला, कात्रीने स्ट्रिप कापली, जुन्या पेपरात गुंडाळली, वर काळी पिशवी. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्यापेक्षा जास्त प्रश्न त्यांनी माझ्या सर्दीला विचारले. ताप आहे का, गाडी चालवायचीय का, झोप येईल हां.

आता दुसरं चित्र. माझं गाव राहुरी तालुक्यातलं. कृषी विद्यापीठ जवळ, त्यामुळे तिथे तयार झालेली ‘फुले त्रिवेणी’ म्हणजे गीर, होल्स्टिन आणि जर्सी यांचा तिहेरी संकर, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. घरी पाच गायी. गेल्या उन्हाळ्यात त्यातली एक दोनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही. डॉक्टर आले. गोठ्यात वडील, चुलते, शेजारचे दोघं, चहा घेऊन आलेली आई आणि मी. डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. शेवटची माजावर कधी आली? किती तास होती? बळस स्वच्छ होती का? मागचं वेत कसं गेलं? आधी कुठलं इंजेक्शन दिलंय? वडील धडाधड उत्तरं देत होते, चुलते दुरुस्त्या करत होते. मग तपासून डॉक्टरांनी गायीच्या योनीमार्गात प्रोजेस्टेरॉनचं एक प्लॅस्टिकचं साधन बसवलं आणि म्हणाले, “आठवडाभर हे आत राहू द्या. आहे तोवर ही माजावर येणार नाही. काढलं की दोन-तीन दिवसांत येईल, तेव्हा फोन करा.” वडिलांनी कॅलेंडरवर तारखेला पेनाने गोल केला.

त्या गोलाकडे बघताना मला मेडिकलमधली ती मुलगी आठवली. तिच्या काळ्या पिशवीत होतं ते आणि गायीला बसवलं ते, दोन्हींचं काम जवळपास एकच. गायीला पाळी येत नाही, माज येतो, त्यामुळे परिणाम वेगळा दिसतो. पण युक्ती तीच: हे शरीरात आहे तोवर थांब, काढलं की पुढचं सुरू.

माझी तक्रार गोळीबद्दल नाही, हे आधीच सांगून टाकते. तक्रार ही आहे की गायीला डॉक्टर मिळाला, मागचा सगळा इतिहास विचारला गेला, कॅलेंडरवर गोल मिळाला. आणि मुलीला मिळाला पेपरचा कागद. एकाच घरात, एकाच संप्रेरकाबद्दल.

संप्रेरक हा शब्द तुम्ही दहावीच्या विज्ञानात वाचलाय, परीक्षेत लिहिलाय आणि विसरलाय. तो तिथेच राहिला, कारण तो कुणी आपल्या शरीराशी जोडून दाखवला नाही. मी तो गोठ्यातूनच सांगते, कारण आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी दूध जातंच डेअरीला.

धार काढायला बसलं की गाय लगेच दूध सोडत नाही. आधी वासरू कासेला ढुसण्या देतं, किंवा आपण सड पुसतो, बादलीचा आवाज होतो, पेंड समोर येते. मग मिनिटभरात कास टच्च भरते. याला आपण पान्हा म्हणतो. आत काय होतं? कासेवरच्या स्पर्शाचा निरोप मेंदूला जातो, मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी रक्तात ऑक्सिटोसिन सोडते. रक्त काही फक्त कासेत जात नाही. ते शिंगांच्या मुळापासून खुरांपर्यंत सगळीकडे फिरतं. तरी ऑक्सिटोसिनचं ऐकून आकसतात त्या मुख्यतः कासेतल्या दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी. कारण त्या पेशींवर ऑक्सिटोसिन ओळखणारे रेणू आहेत. त्यांना म्हणतात रिसेप्टर, पुस्तकी मराठीत ग्राही.

ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून सगळ्या गावातून फिरते. “ज्यांची पाणीपट्टी थकली आहे त्यांनी...” आवाज सगळ्यांच्या घरात जातो, पण कान टवकारतात ज्यांची थकलीय त्यांचेच. संप्रेरक म्हणजे तो भोंगा आणि रिसेप्टर म्हणजे ते कान. कान नाही तिथे भोंगा कितीही ओरडला तरी काही होत नाही. आणि अनोळखी माणूस गोठ्यात आला, कुत्रं भुंकलं, तर गाय पान्हा चोरते. ती बदमाशी करत नसते. घाबरल्यावर सुटलेलं ॲड्रेनालिन मध्ये येतं, कासेकडचं रक्त कमी होतं, निरोप पोहोचत नाही.

हेच ऑक्सिटोसिन बाळंतपणात गर्भाशयाला कळा आणतं. ते एरवीही आपल्या शरीरात असतंच, मग एरवी कळा का येत नाहीत? कारण एरवी गर्भाशयावर त्याचे रिसेप्टर कमी असतात. दिवस भरत येतात तशी त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. भोंगा तोच, ऐकणारे कान वाढले. माझ्या मते शाळेत नेमकी हीच गोष्ट शिकवायची राहून जाते. ‘हार्मोन्स वाढले’, ‘हार्मोन्स बिघडले’ असं आपण बोलत राहतो. पण ऐकणारा कोण, किती आणि कुठे, यावर अर्धी गोष्ट ठरते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना देशात विक्रीसाठी ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली होती, गोठ्यांत त्याचा गैरवापर होतो म्हणून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं, त्याचा तुटवडा झाला तर बायका दगावतील, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. गोठा आणि लेबर रूम यांचं नातं इतकं जवळचं आहे की एकाबद्दल ठरवलं की दुसऱ्याला धक्का बसतो.

आता त्या काळ्या पिशवीकडे येऊ.

महिन्याच्या पहिल्या अर्ध्या भागात बीजांडकोशातून इस्ट्रोजेन सुटतं. ते गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड करतं, आणि आणखी एक काम गुपचूप करतं: त्या अस्तरात प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर वाढवतं. म्हणजे पुढच्या भोंग्यासाठी कान तयार करून ठेवतं. बीज बाहेर पडलं की मागे राहिलेल्या पिवळ्या पिंडातून प्रोजेस्टेरॉन येतं. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन ही मंडळी स्निग्ध पदार्थात विरघळणारी, त्यामुळे ती पेशीच्या दारावर थांबत नाहीत. थेट आत शिरतात, आतल्या रिसेप्टरला धरतात आणि दोघं मिळून डीएनएपर्यंत जातात. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे ठरवायला. म्हणून ऑक्सिटोसिनचं काम मिनिटात दिसतं, यांचं काम तासांत आणि दिवसांत.

गर्भ राहिला नाही तर साधारण चौदा दिवसांत तो पिवळा पिंड विरतो. प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं. अस्तराला धरून ठेवणारा आवाज बंद होतो, ते सुटतं, पाळी येते. पाळीला ‘अशुद्ध रक्त बाहेर पडतं’ असं म्हणणारे अजून आहेत, काही तर कॉलेजात शिकवणारेही आहेत. अशुद्ध काही नसतं. एक निरोप थांबतो, एवढंच.

पाळी पुढे ढकलायची गोळी हा निरोप थांबू देत नाही. तिच्यात असतं नॉरेथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनची नक्कल करणारं, कारखान्यात बनवलेलं संप्रेरक. पिवळा पिंड विरला तरी अस्तराला वाटतं की प्रोजेस्टेरॉन आहेच, आणि ते थांबून राहतं. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. यातूनच कळतं की ही गोळी पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी का सुरू करावी लागते. अस्तर सुटायला लागल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो. माझ्या मावसबहिणीने लग्नाच्या आदल्या रात्री सुरू केली होती. मग हळदीच्या साडीत ती दिवसभर कशी बसली असेल, ते मुलींना सांगायला नको. ज्यांची पाळी मुळात अनियमित, त्यांचा तर ‘तीन दिवस आधी’ हा हिशोबच जुळत नाही.

हे नॉरेथिस्टेरॉन पहिल्यांदा बनलं १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, मेक्सिको सिटीत. सिंटेक्स नावाच्या कंपनीत लुईस मिरामोंतेस हा तरुण रसायनशास्त्राचा विद्यार्थी कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रान्झ यांच्या हाताखाली काम करत होता. वय होतं सव्वीस. कच्चा माल मिळायचा तिथल्या रानटी कंदापासून. त्यातून पुढे गर्भनिरोधक गोळी आली आणि जगभरातल्या बायकांचं आयुष्य बदललं. म्हणून म्हणते, गोळीशी माझं भांडण नाही.

पण भोंगा सगळ्या गावात फिरतो, हे विसरू नका. गोळी गिळताना आपल्या डोक्यात फक्त गर्भाशय असतं. गोळीला तसं काही माहीत नसतं. नॉरेथिस्टेरॉनची घडण टेस्टोस्टेरॉनच्या कुळातली, त्यामुळे ते टेस्टोस्टेरॉनच्या रिसेप्टरलाही थोडंफार चिकटतं. काहींना चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात त्या त्यामुळे. छाती दुखणं, मळमळ, पोट फुगल्यासारखं वाटणं, विनाकारण रडू येणं, हेही होतं, कारण त्या त्या ठिकाणी ऐकणारे कान आहेत. आणि मुख्य गोष्ट: पाळी ढकलायला जो डोस घेतात, त्यातला थोडा भाग शरीर स्वतःच एका ताकदवान इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. गर्भनिरोधक गोळ्यांत असतं तेच ते, इथिनाइल इस्ट्रॅडिओल. यकृतात इस्ट्रोजेनचे रिसेप्टर आहेत. त्यांनी हा आवाज ऐकला की यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं.

घाबरवायचं नाहीये. निरोगी मुलीने वर्षात एखाद्या वेळी थोडे दिवस ही गोळी घेतली तर बहुतेकींना काही गंभीर होत नाही. ‘एकदा घेतली की मूल होत नाही’ हे तर साफ खोटं. पण ज्यांच्या घरात कुणाला पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय, ज्यांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे झगमगणाऱ्या रेषा दिसणारा मायग्रेन आहे, यकृताचा आजार आहे, वजन खूप जास्त आहे, सिगारेटची सवय आहे, त्यांचं गणित वेगळं. हे मेडिकलच्या काउंटरवर अर्ध्या मिनिटात कळायचं कसं? स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं. कात्रीने कापल्यावर ते कुठल्या तुकड्यावर राहतं, बघा कधीतरी. आणि गोळी चालू असताना एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा आणि कुठली गोळी घेतलीय ते आईसमोर का होईना, स्पष्ट सांगायचं. आणखी एक गैरसमज: पाळी ढकलायला घेतलेल्या या गोळीला गर्भनिरोधक समजू नका.

एवढा आटापिटा कशासाठी, हा प्रश्न मला या सगळ्यात जास्त छळतो. परीक्षा असेल, भरतीची सोळाशे किंवा आठशे मीटर धावायची असेल, ट्रेक असेल, तर मला समजतं. दुखण्यामुळे वर्षभराची मेहनत वाया जाऊ नये, हे ठीकच. पण मेडिकलमधली गर्दी नवरात्रात, गणपतीत आणि लग्नसराईत वाढते. मोहट्याच्या देवीला पायी जायचंय, घट बसलेत, सत्यनारायण आहे. आणि बऱ्याचदा ते ठरवणारी मुलगी नसते. “घेऊन टाक की गोळी, काय होतंय” असं म्हणणारी कुणीतरी दुसरीच असते, आणि गोळी मात्र हिच्या यकृतातून जाते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न एकदा देशभर गाजलाय. नोव्हेंबर २०१५ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर एक तरुणी चढली आणि नंतर शिळेचं शुद्धीकरण झालं. २६ जानेवारी २०१६ ला तृप्ती देसाई आणि भूमाता ब्रिगेडच्या बायकांना पोलिसांनी सुप्यातच अडवलं. मग उच्च न्यायालयाने बायकांना मंदिरप्रवेशाचा हक्क आहे हे ठणकावून सांगितलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा बायकांना खुला झाला. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा प्राथमिक शाळेत असतील. चौथरा मोकळा झाला, पण घरातल्या देव्हाऱ्याचं काय? तिथे न्यायालय येत नाही. कुणी श्रद्धेने चार दिवस बाजूला बसत असेल तर तो तिचा प्रश्न, मी त्यात पडणार नाही. एवढंच वाटतं की देवीसमोर उभं राहायला शरीराचा निरोप अडवावा लागत असेल, तर निदान तो कोण, कसा आणि कुठे कुठे अडवतोय, हे अडवणारीला माहीत असावं.

पोरांनो, तुम्ही इथवर ‘मुलींचं पान’ म्हणून हसत वाचत आला असाल, तर आता तुमची पाळी. (मुद्दाम वापरला शब्द.) नगर, पारनेर, श्रीगोंदा, कुठेही जा, भरतीच्या अकॅडम्या आणि जिम भरलेल्या आहेत. तीन महिन्यांत छाती आणि दंड हवेत. मग कुणीतरी ‘कोर्स’ सुचवतं. इंजेक्शन कुठून येतं, कोण टोचतं, हे विचारायचं नसतं. त्यात बहुतेकदा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचे भाऊबंद असतात. स्नायूंमधले रिसेप्टर ते ऐकतात, दंड फुगतात, हे खरंच. पण ऐकणारा आणखी एक आहे, मेंदू. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की घरची मोटार कुणी चालवत नाही, तसंच इथे. रक्तात बाहेरून टेस्टोस्टेरॉन येतंय हे दिसताच मेंदू वृषणांना निरोप पाठवणं बंद करतो. घरचं उत्पादन थांबतं, वृषण आकसतात, शुक्राणू कमी होतात, कधी कधी शून्यावर येतात. इंजेक्शन थांबवलं तरी मोटार पुन्हा सुरू व्हायला महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि छातीत त्याचे रिसेप्टर मुलांनाही असतात. ज्या छातीसाठी कोर्स घेतला, तीच भलत्या पद्धतीने वाढलेली एका मित्राची मी बघितलीय. तो उन्हाळ्यातही जॅकेट घालायचा. त्याच्यासाठी कागद आणि काळी पिशवी म्हणजे ते जॅकेट.

न सांगता-विचारता चाललेल्या या कारभाराचं शेवटचं टोक बघायचं असेल तर उसाच्या फडात जावं लागतं. १९५० च्या सुमाराला प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आपला जिल्हा साखरेचा झाला. त्या कारखान्यांना ऊस तोडून देणाऱ्या टोळ्या येतात बीडहून आणि आपल्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस काम चुकलं की खाडा धरून पैसे कापणार. पाल टाकलेल्या जागी संडास नाही, पाणी नाही, पाळीचे कपडे धुवायला आडोसा नाही. अंगावरून जातं, पोट दुखतं, संसर्ग होतो. त्यावर गोळ्या आणि अँटिबायोटिक पुरली असती अशाही कित्येकींना सांगितलं गेलं की पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहातली एक. त्यात पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या कितीतरी.

‘पिशवी काढली’ या दोन शब्दांत कधी कधी बीजांडकोशही गेलेले असतात, बाईला न सांगता. नुसतं गर्भाशय काढलं तरी रजोनिवृत्ती लवकर यायची शक्यता वाढते, बीजांडकोश काढले तर ती दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होते. इस्ट्रोजेनचा भोंगा एकदम बंद. पण त्याचे कान हाडांत आहेत, रक्तवाहिन्यांत आहेत, मेंदूत आहेत, आणि ते काही ऑपरेशनमध्ये काढलेले नसतात. हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालायचं काम इस्ट्रोजेन करतं. तो आवर सुटला की हाडं पोकळ व्हायला लागतात, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं काम तसंच असतं. अंगातून गरम वाफा, झोप नाही, सांधे धरलेले, आणि वय बत्तीस. डॉक्टरला विचारलं तर म्हणतात, हिमोग्लोबिन कमी आहे. आपल्या चहात पडते ती साखर या बायकांच्या हातून आलेली आहे, हे लिहिताना मला माझ्या काळ्या पिशवीची तक्रार फार छोटी वाटते. तरी दोन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे: शरीर जिचं, तिला कुणी काही विचारलं नाही आणि काही सांगितलं नाही.

मग करायचं काय? डॉक्टरकडे जायचं, हे सोपं उत्तर. पण एकोणीस वर्षांच्या मुलीने एकटीने स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दारात बसायचं म्हणजे बाहेरच्या बाकावरच्या चार ओळखीच्या बायका गावभर काय सांगतील, याचं टेन्शन मला माहीत आहे. म्हणून एक सांगते. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं, जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयांतही. सल्ला मोफत आणि गोपनीय. कामकाज कुठे चांगलं, कुठे यथातथा, हे मान्य. पण दोघी-तिघींनी मिळून जा आणि खुर्ची अडवून बसा. मुलांनीही जावं. तिथे गेल्यावर गायीच्या डॉक्टरसारखे प्रश्न आपणच सुरू करायचे. माझी शेवटची पाळी अमुक तारखेची, एवढ्या दिवसांची, घरात अमक्याला गुठळी झाली होती, मला अर्धशिशी आहे, दिवस गेलेले नाहीत ना ते आधी बघायचं का, किती दिवस घ्यायची, रक्त दिसलं तर काय करू? डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या. आमच्या गोठ्यात वडील याच्या दुप्पट प्रश्न विचारतात आणि डॉक्टर चहाही पितात.

जाता जाता एक गंमत. रिसेप्टर हा विषय परदेशातल्या प्रयोगशाळांचा वाटत असेल, तर सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाची गोळी मोफत मिळते, तिच्याबद्दल वाचा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आलेली. ती संप्रेरक नाहीच. ती इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर जाऊन बसते, आणि गर्भाशयात इस्ट्रोजेनला अडवते, तर हाडांत इस्ट्रोजेनसारखं वागते. एकच रेणू, दोन ठिकाणी दोन वागणुकी. बीएस्सीला असाल तर प्रोजेक्टला याहून चांगला विषय नाही.

या दिवाळीला घरी करंज्या चालल्या होत्या. चुलतबहिणीचा साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर ठरला होता आणि तारीख नेमकी तिच्या तारखेवर आली होती. ती माझ्या कानात कुजबुजत होती. आजी म्हणाली, “काय चाललंय गं तुमचं?” बहिणीने मान खाली घातली. मीच सांगितलं, सगळं, गोळीचं नाव घेऊन. आई लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. आजीने करंजीची कड कातून ताटात ठेवली.

“म्हणजे त्या काळ्या गायीला बसवलं होतं, तसलंच की.”

“तसलंच.”

“मग डॉक्टरला दाखवलं का हिला?”

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला. वडिलांनी तिथूनच विचारलं, “कितीपासून घ्यायची म्हणालीस?” आमच्याकडे कॅलेंडरच्या खिळ्याला पेन दोरीने बांधलेलं असतं.